चक्रवाक टॅली होत नाहीत

चौतीस वर्षं मी बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात बसून नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर पिंजऱ्यातून बाहेर आलो आणि पक्षी मोजायला लागलो. आमच्या कट्ट्यावरच्या एका कवीला यात फार मोठा अर्थ दिसला. प्रत्यक्षात त्यात अर्थबिर्थ काही नाही, सोसायटीतल्या एका मुलीचा आग्रह आहे.

ही मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण पक्षीवाले सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. मागच्या फेब्रुवारीत तिने आमच्या गच्चीवर पहिला प्रयोग केला होता. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली आणि २०१३ पासून आपल्याकडेही होणारी एक गणना आहे. चार दिवस, आपापल्या अंगणात किमान पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि दिसतील ते पक्षी मोजून कळवायचे. अंगण नसलेल्यांना गच्ची चालते. मी आपला कावळे, साळुंक्या आणि दोन वेडे राघू लिहून मोकळा झालो. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र डक्टमधले पारवे मोजून घेऊन आले. छप्पन्न. कागदाच्या खाली सही, फ्लॅट नंबर आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ ताईने त्यांना समजावलं की ही फक्त गणना आहे, यात कार्यवाही नसते. ‘मग मोजायचं कशाला?’ असं विचारून ते निघून गेले. प्रश्न तसा वाजवी होता. पुढे कवडीपाटला तोच प्रश्न मला एका म्हशीवाल्याने विचारला.

तर डिसेंबरच्या शेवटी ताईने मला लिफ्टमध्ये गाठलं. ‘काका, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आहे. कवडीपाटला माणसं कमी पडतायत.’

म्हटलं, ‘अगं, मला बदक आणि बगळा यापलीकडे काही ओळखू येत नाही.’

‘ओळखायला आम्ही आहोत. तुम्ही फक्त मोजा.’

चौतीस वर्षांत एकाही मॅनेजरने माझं काम मला इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

पहाटे साडेपाचला निघायचं होतं. पुण्यात थंडी बारा अंशांवर आली की माणसं हिमालयात निघाल्यासारखी तयारी करतात, त्या रीतीला धरून मी कानटोपी, मफलर आणि हिने विणलेला शेंदरी स्वेटर असा जामानिमा करून खाली उतरलो. ताईने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

‘काका, मातकट काही नाही का? पक्ष्यांना रंग चांगले दिसतात.’

‘दिसू देत की. आपण त्यांना बघणार, त्यांनी आपल्याला बघितलं तर काय बिघडलं?’

पण ते चालत नाही. पक्षी बुजतात. शेवटी आमच्या वॉचमनने आपला खाकी कोट काढून दिला. त्याचा परिणाम असा झाला की कवडीपाटला पोचल्यावर दोन मोटारवाल्यांनी मला गाडी कुठे लावू विचारलं आणि एकाने किती झाले म्हणून खिशात हात घातला.

कवडीपाट म्हटलं की बहुतेकांना सोलापूर रस्त्यावरचा टोलनाका आठवतो. लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे आत वळलं की मुळा-मुठेवर एक जुना दगडी बंधारा आहे, तो खरा कवडीपाट. पुण्याने नदीत जे जे सोडलं ते सगळं इथवर येतं: फेस, जलपर्णी, पिशव्या, निर्माल्य, थर्माकोलची मखरं. वास असा, की रुमाल नाकाला लावावा तर दुर्बीण कुठल्या हाताने धरायची हा प्रश्न पडतो. आणि एवढं असून त्या पाण्यावर हिवाळ्यात तिबेट, मंगोलिया, सायबेरियाकडचे पाहुणे उतरतात. आमच्याकडे लग्नाला आलेले पाहुणे गीझरचं पाणी कोमट आलं म्हणून तोंड वाकडं करतात. हे हिमालय ओलांडून येतात आणि थर्माकोलच्या मखरावर बसतात. बिनतक्रार.

गाडीत ताईने पार्श्वभूमी सांगितली. आशियातली ही पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. जानेवारीतच का, तर तेव्हा पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात आणि परतीची बांधाबांध सुरू झालेली नसते. म्हणजे महिन्याच्या मधलं बॅलन्स घ्यायचं, पगाराच्या दिवसाचं नाही. हे मला लगेच पटलं. एखाद्या पाणथळीवर नेमाने वीस हजारांवर पाणपक्षी येत असले, किंवा जगातल्या एखाद्या जातीच्या समूहातले शंभरातला एक या हिशेबाने पक्षी असले, तरी ती जागा महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत बसू शकते. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालं. ‘आणि आपलं कवडीपाट?’ मी विचारलं. ताई खिडकीबाहेर बघायला लागली.

गंमत म्हणजे पक्षी मोजण्याची ही टूम निघाली ती बंदुकीच्या खेळातून. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून शिकारीला जायचं आणि ज्याचा ढीग मोठा तो जिंकला, अशी पद्धत होती. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, की या नाताळात मारण्याऐवजी नुसतं मोजू या. २७ माणसं तयार झाली. ढीग कुणाचा मोठा ही खुमखुमी मात्र त्या २७ जणांपासून आमच्या कवडीपाटच्या सहा जणांपर्यंत जशीच्या तशी उतरलेली आहे, हे मी स्वतः पाहिलं.

काठावर पोचताच मला दुर्बीण मिळाली. दुर्बिणीतून पक्षी बघणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्याला वाटतं त्याने ती एकदा डोळ्याला लावावी. पहिली दहा मिनिटं मला फक्त माझ्या पापण्या दिसत होत्या. मग आभाळ दिसलं. मग पलीकडच्या काठावर प्रातर्विधीला बसलेले एक गृहस्थ इतके जवळ दिसले, की मी दुर्बीण खाली करून आपोआप नमस्कार केला.

शेजारी ताई ओरडत होती, ‘तुतवार! दोन वाजता!’

मी घड्याळात पाहिलं. सात वाजायला दहा कमी होते.

‘दोन वाजेपर्यंत थांबायचं आहे?’

मग कळलं की समोर घड्याळाची तबकडी आहे असं मानायचं, नाकासमोर बारा आणि उजवीकडे तीन. हे समजेपर्यंत तुतवार चार वाजता गेला आणि माझ्या हिशेबी तिथेच संपला.

आता मोजणी. माझी पद्धत ठरलेली: चार उभ्या रेघा, एक आडवी, पाचाचा जुडगा. पहिला मान शेकाट्यांना दिला, कारण त्यांचे पाय तांबडे, लांबलचक आणि लांबून दिसणारे. धड फेसात मिसळून जात होती, तेव्हा पाय मोजून दोनाने भागावं असा मी व्यवहारी मार्ग काढला. बेरीज आली एकशे सात. विषम. पुन्हा पाहिलं तर निम्मे पक्षी एक पाय पोटाशी घेऊन झोपलेले. खातं उघडताना दोन पाय दाखवायचे आणि तपासणीला एकच ठेवायचा, असे खातेदार मी पुष्कळ पाहिलेत.

मग आले वारकरी. हे पक्ष्याचं नाव आहे. काळाभोर, कोंबडीएवढा, आणि कपाळावर गोपीचंदनाचा टिळा लावावा तसा पांढरा पट्टा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जलपर्णी नव्हती तेवढ्या मोकळ्या पाण्यात त्यांची दिंडी होती. मी बत्तीसपर्यंत आलो की त्यातला एक बुडी मारायचा. दिंडीतला माणूस चहाला म्हणून बाजूला गेला की परत कुठल्या दिंडीत शिरेल याचा नेम नाही, तसंच हे. तो वर यायचा भलतीकडे, आणि त्याला मी मोजलेला की न मोजलेला हे ठरेपर्यंत आणखी तिघे खाली. तीनदा मोजले. बेचाळीस, एकोणपन्नास, चव्वेचाळीस. कॅशमध्ये एका दिवसात असे तीन आकडे आले असते तर संध्याकाळी मी घरी गेलो नसतो.

‘काका, पंचेचाळीस लिहा,’ ताई म्हणाली.

‘पण पंचेचाळीस एकदाही आले नाहीत!’

‘म्हणूनच.’

एवढ्यावर ती थांबली नाही. मोठा थवा आला तर एकेक मोजायचंच नाही म्हणाली. दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात धरायचं, आणि तेवढी जागा थव्यावर टाकत टाकत शेवटापर्यंत जायचं. मी हबकलो. आमच्याकडे शंभर नोटांचं पॅकेट, दहा पॅकेटांचं बंडल, आणि प्रत्येक पॅकेटच्या पट्टीवर मोजणाऱ्याची सही. बंडलाची जाडी डोळ्यात धरून कुणी कॅश बंद केली असती तर बँकेने त्याला घरी सोडलं असतं, पोलिसांच्या गाडीतून. पण थोड्या वेळाने पाणकावळ्यांचा थवा डोक्यावरून गेला आणि मी मुकाट्याने पॅकेटं टाकायला लागलो. सहा पॅकेटं आणि वर सुटे चार. ताईचे साठ, दुसऱ्या एकाचे सत्तर. मला माझ्याच आकड्याचा अभिमान वाटला. चुकीचा असेल, पण सुट्यांसकट होता.

आमच्यात एक फोटोवाले होते. त्यांच्याकडे तोफेएवढी लेन्स आणि तिला झाडाच्या सालीसारखं पांघरूण. ते काही मोजत नव्हते. दोन तास ते एका खंड्याची मान वळण्याची वाट बघत होते. ‘वळ ना बाबा,’ असं अधूनमधून इतक्या काकुळतीने म्हणत, की शेवटी आम्हीच वळून बघत होतो. सव्वाआठला खंड्या वळला. तेव्हा हे चहा घेत होते.

बदकांच्या बाबतीत एक सांगतो. नर ओळखणं सोपं. हळदी-कुंकू बदकाच्या तर चोचीवरच हळदकुंकू असतं, आणि ते नरालाही असतं नि मादीलाही. पण पाहुण्या बदकांच्या माद्या सगळ्या भुरकट, सगळ्या सारख्या. ‘ही कुठली?’ असं मी विचारलं की तिघांची तीन मतं, आणि मग आवाज चढत जात. अशा वेळी त्या मादीच्या शेजारी कोण पोहतंय ते बघून तिचं आडनाव ठरवायचं, असा एक तोडगा निघाला. ताईला तो मुळीच आवडला नाही. शास्त्रीय दृष्ट्या चूक म्हणाली, आणि दुसऱ्याही दृष्टीने.

तासभर असा जुळत आलेला हिशेब एका क्षणात उधळला. जलपर्णीवरून एक दलदली भोवत्या खाली खाली तरंगत आला. हा शिकारी पक्षी. त्याने काही पकडलंबिकडलं नाही, नुसता ऑडिटरसारखा एक फेरा मारला. पण नदीवरचा यच्चयावत जीव हवेत उठला. शेकाटे, बदकं, टिटव्या, सुरय, सगळी कॅश आभाळात. पाच मिनिटांनी सगळे परत बसले, पण कुणी आपल्या जुन्या जागेवर बसलं नाही. मी कागद उलटा केला आणि पाठीमागे पहिल्यापासून रेघा ओढायला लागलो.

तेव्हाच तो म्हशीवाला आला. म्हशी पाण्यात सोडून माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि खाकी कोटाकडे बघून म्हणाला, ‘काय मोजताय सायेब?’

‘पाखरं.’

‘मोजून काय करायचं? रेशनकार्ड काढणार व्हय त्यांचं?’

मी ताईचंच भाषण त्याला ऐकवलं. एका वर्षाच्या आकड्याला किंमत नसते, पण वीस-तीस वर्षांचे आकडे एकाखाली एक लावले की कळतं खातं वाढतंय की बुडतंय. त्याने शांतपणे ऐकलं. मग नदीवरून एकदा नजर फिरवली, दुर्बीण नाही, कागद नाही, आणि म्हणाला, ‘औंदा कमी हायती. चमच्यासारख्या चोचीचं एक बदाक यायचं, त्ये तर दिसलंच न्हाई.’

चमच्यासारख्या चोचीचं म्हणजे थापट्या. मी ताईचा तक्ता पाहिला. थापट्याच्या रकान्यात शून्य होतं. पक्षी दिसला नाही तर रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य लिहायचं, असा तिचा दंडक. सरकारी कागदावर आपण ‘निरंक’ लिहितो तेच. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल निघाला. ९४२ जाती तपासल्या, त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. त्या यादीत थापट्या आहे, छोटं चक्रांग बदक आहे, माझ्या हातून चार वाजता निसटलेला तुतवारसुद्धा आहे. आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या यादीत मोर, कोकीळ आणि पारवा. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे अजून सांगितलेलं नाही. हा सगळा अहवाल ताईसारख्या हौशी माणसांनी पहाटे उठून केलेल्या याद्यांवर उभा आहे. आमच्या त्या सही-शिक्क्याच्या छप्पन्न पारव्यांचीही अशा याद्यांत कुठेतरी भर पडत असणार.

‘आणि तांबडी बदकं किती भरली?’ म्हशीवाल्याने विचारलं.

तांबडी म्हणजे चक्रवाक. हा मात्र मला पहिल्या नजरेत ओळखू आलेला पक्षी. सोनेरी तांबूस अंग, फिकट डोकं, आणि आवाज जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा. संस्कृत कवींनी याच्या नशिबी कायमचा विरह लिहिलाय: दिवसा जोडी एकत्र, आणि सूर्य मावळला की एक या तीरावर, एक त्या. कवडीपाटच्या वासात विरह कसा सुचत असेल देव जाणे, पण जोडीने राहणारा पक्षी आहे हे खरं. पाण्यावरही दोन-दोन असेच बसलेले. त्यामुळे मोजायला सुख. दोन, चार, सहा, आठ. मी चार वेळा मोजले होते आणि चारही वेळा एकच आकडा आला होता. सबंध सकाळीत टॅली झालेली ही एकच रक्कम.

‘सतरा,’ मी म्हटलं.

‘अठरा पायजेत.’

‘चारदा मोजलेत हो.’

‘तुम्ही मोजा की. एक लंगडं हाय. त्ये यांच्यात बसत न्हाई, बंधाऱ्याच्या खाल्लाकडं एकटंच असतंय. न्हाईतर पल्याडच्या हरभऱ्यात.’ एवढं बोलून तो म्हशींना हाळी देत उठला.

ज्याने आयुष्यभर कॅश बंद केली त्याला विचारा, सतरा आणि अठरात काय फरक असतो. एक रुपया कमी भरला म्हणून मी रात्री नऊपर्यंत बसलोय. शेवटी तो टेबलाच्या पायाखाली सापडला होता. ताई तक्त्यावर सह्या घेत होती. मी तिला सांगितलं की एक पक्षी कमी लागतोय.

‘काका, आपली हद्द बंधाऱ्यापर्यंत आहे. आणि नऊ वाजून गेले.’

‘म्हणजे क्लिअरिंगची वेळ टळली.’

‘तसंच.’

मंडळी भजी आणि चहाकडे वळली. मी बंधाऱ्याच्या कडेकडेने खाली उतरलो. दगड शेवाळलेले, कोट वॉचमनचा, आणि गुडघे माझे, अशी तिहेरी जबाबदारी. दोनशे पावलांवर, एका वाळलेल्या झुडपापाशी, काठाच्या चिखलात तो होता. एकटा. मान पाठीवर टाकून झोपलेला. मी दुर्बीण लावली आणि या खेपेला पहिल्या फटक्यात पक्षी सापडला. तांबूस छाती, छातीवर चिकटलेला एक थर्माकोलचा दाणा, आणि खाली एकच पाय.

आता लंगडा की झोपलेला? शेकाट्यांनी सकाळीच धडा दिला होता. दुसरा पाय बाहेर आल्याशिवाय ओळख पटणार नव्हती. मी चिखलात उभा राहिलो. वरून ताईने दोनदा हाक मारली. फोटोवाल्यांनी दोन तास खंड्यासाठी का बसावं हे मला आता कळत होतं. मीही ‘काढ ना बाबा’ म्हणायला लागलो होतो. वीस मिनिटांनी त्याने मान काढली, माझ्याकडे पाहिलं, भोंगा वाजवला आणि पाय न दाखवता जागच्या जागी पंख पसरून उडाला. गेला तो वर, बंधारा ओलांडून, थेट त्या सतरांच्या दिशेने.

घरी आल्यावर हिला सगळं सविस्तर सांगितलं. हिने कोटाचा चिखल बघितला, आकडेमोड ऐकली, आणि वॉचमनला द्यायच्या आधी कोट धुवायला टाकत म्हणाली, ‘तो त्या सतरांतलाच नव्हता कशावरून? तुम्ही खाली उतरेपर्यंत एखादा गेला असेल तिकडे.’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी खाली असताना वरचे सोळा होते की सतरा, हे बघायला काठावर कुणी नव्हतं. सगळे भजी खात होते.

रात्री डायरी काढली. ‘चक्रवाक १७’ असं लिहिलं. खाली पेन्सिलीने ‘जादा १’ लिहिलं आणि कंसात ‘तफावत, चौकशी चालू’. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी कोट परत द्यायला खाली गेलो, तर वॉचमन म्हणाला, ‘राहू द्या काका आजच्या दिवस. निघालाच आहात, तर घालून जा.’